मूल उन्हाळ्यात सुखरूप कसं ठेवावं: नवशिक्या पालकांसाठी

अभिनंदन. परीक्षा संपली, निकाल हातात पडला आणि शाळेनं तुमचं मूल तुम्हाला साभार परत केलं. आता साधारण १५ जूनपर्यंत, विदर्भात असाल तर त्यानंतरही थोडे दिवस, ते तुमच्याकडेच आहे. घाबरू नका. तुमच्याआधी अनेकांनी हा काळ काढलेला आहे.

जुन्या पिढीची पद्धत अगदीच ओबडधोबड होती. सकाळी पोरांना घराबाहेर काढायचं, ऊन चढलं की जेवायला आत घ्यायचं, पत्ते नाहीतर कॅरम देऊन चारपर्यंत माजघरात डांबायचं आणि मग दिवेलागणीपर्यंत त्यांचं नावही काढायचं नाही. या पद्धतीत फी नव्हती, गणवेश नव्हता, शेवटी प्रमाणपत्र मिळत नव्हतं. साहजिकच तिला शास्त्रीय म्हणता येत नाही.

खाली दिलेली पद्धत शहरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी सोसायटीत चालते. साहित्य: एक मूल (वय ५ ते १२), एक फ्लॅट, एक व्हॉट्सॲप ग्रुप.

१. आधी वेळापत्रक आखा.

सगळी मदार यावर आहे, म्हणून घाई करू नका. उन्हाळ्यात बाहेर खेळण्याजोगे दिवसाचे दोनच तुकडे असतात: सकाळी सहा ते नऊ-साडेनऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. बारा ते तीन उन्हात जाऊ नका, असं हवामान खातं, डॉक्टर आणि आजी हे तिघंही सांगतात. तिघांचं एकमत होणारा दुसरा विषय मला माहीत नाही.

तर पहिलं काम म्हणजे हे दोन तुकडे भरून टाकणं. सकाळी सातला अबॅकस. साडेआठला हस्ताक्षर सुधारणा. संध्याकाळी पाचला रोबोटिक्स, साडेसहाला श्लोकपठण. या वेळा तुम्हाला आयत्याच मिळतील, कारण क्लासच्या ताईही सकाळ-संध्याकाळच घेतात. दुपारी कुठं यायचं हो, ऊन किती असतं, असं त्या म्हणतात. बरोबरच आहे.

आता मुलाकडे उरली दुपार. ही खेळायची वेळ. शंका काढू नका, ही व्यवस्था विचारपूर्वक झालेली आहे. दुपारी बऱ्याचशा गाड्या ऑफिसला गेलेल्या असतात, त्यामुळे पार्किंग मोकळं असतं आणि काच फुटायची भीती नसते. जेवून वॉचमनचाही डोळा लागलेला असतो. संध्याकाळी हीच जागा गाड्यांना आणि चालायला निघालेल्या ज्येष्ठांना लागते. मुलं लहान आहेत, त्यांनी समजून घ्यायला हवं.

एक अडचण राहते. दुपारी दोन ते चार ही सोसायटीची झोपायची वेळ असते, तेव्हा आवाज चालत नाही. त्यामुळे मुलांनी भर उन्हात खेळावं, पण गुपचूप. सरावानं जमतं.

२. जागेची पाहणी करा.

राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा खेळण्या-बागडण्यासाठी मोकळी सोडावी लागते. तुमच्याकडेही ती आहे. माहितीपत्रक काढून बघा, त्यात एक गोरी मुलगी फुगा घेऊन त्या जागेत धावते आहे. प्रत्यक्षात तिथं एक घसरगुंडी, दोन झोके, खाली रबरी मॅट आणि एक फलक असतो. फलकावर चेंडू, सायकल, आरडाओरडा आणि हिरवळीवर पाय ठेवणं यांना मनाई असते. फलक सावलीत असतो.

घसरगुंडी सावलीत नसते. दुपारी तिच्यावरून घसरण्याआधी तुमचा तळहात तिच्यावर पाच सेकंद टेकवून बघा, असं अनुभवी लोक सांगतात. हात उचलावा लागला तर मूल बसवू नये. पण इतक्या दुपारी खाली उतरणार कोण? तेव्हा बाल्कनीतून बघा. बाल्कनीतून सगळं गारच दिसतं.

कृत्रिम गवताचं टर्फ हा याहून आधुनिक पर्याय. कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग साठ अंशांपलीकडे जाऊ शकतो, पण हिरवा दिसतो, आणि आपल्याला निसर्गाकडून तेवढंच हवं असतं. संध्याकाळचे स्लॉट ऑफिसातून सुटलेल्या काकालोकांनी घेतलेले असतात. दुपारचा स्लॉट स्वस्त पडतो. मुलांसाठी तोच घ्या.

आज ४२ अंश होतं, असं बातम्यांत ऐकलं तर तो आकडा कुठला ते लक्षात ठेवा. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चारेक फूट वर, सावलीत ठेवलेला असतो. वारा खेळता असतो, ऊन लागत नाही. म्हणजे ४२ अंश हे त्या पेटीतलं. तुमचं मूल पेटीत नाही, ते रबरी मॅटवर आहे. शिवाय लहान मुलांना मोठ्यांच्या मानानं घाम कमी येतो आणि उन्हाची सवय व्हायला त्यांना दिवसही जास्त लागतात. खात्यानं ती पेटी जरा मोठी बनवली असती तर आपला बराच प्रश्न सुटला असता.

३. झाड असेल तर वेळीच छाटा.

गुलमोहराच्या पाकळ्या गाड्यांवर पडतात. कडुनिंबाची पानगळ होते. जांभळाबद्दल तर बोलायलाच नको, पांढऱ्या गाडीच्या मालकाला विचारा. म्हणून छाटणी साधारण एप्रिलमध्ये, सावलीची गरज सुरू व्हायच्या बेतात उरकून घ्यावी. नंतर गाड्या तापू लागल्या की सभेत विषय घ्या आणि त्यांच्यासाठी पत्र्याची शेड मंजूर करून घ्या. अशा रीतीनं आवारातली सगळी सावली गाड्यांच्या नावावर होते.

मुलं मग सावलीच्या शोधात तिथंच येतात. लपंडावात तर गाडीच्या आतच शिरतात. इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, तीत गंमत काही नाही. बाहेर ३५ अंश असेल तर उन्हातल्या बंद गाडीचं आतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं आणि काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी वेगानं तापतं, आणि आतून दार उघडता आलं नाही की हाक बाहेर पोचत नाही. गाडीला ओरखडा पडू नये म्हणून ग्रुपवर आठवड्याला दोन सूचना येतात. उभी केलेली गाडी कुलूपबंद आहे का, हे विचारणारी सूचना अजून माझ्या वाचनात आलेली नाही.

४. खेळ निवडा.

प्रत्येक खेळ तक्रारीच्या दृष्टीनं तपासा. लगोरी: फरशीचे तुकडे लागतात, ते कुणाच्या फ्लॅटमधून आले असा प्रश्न निघेल. विटीदांडू: विटी उडते, हा तिचा मूळ दोष. डबा ऐसपैस: डबा वाजतो. आट्यापाट्या: पेव्हर ब्लॉकवर खडूच्या रेघा राहतात. सूरपारंब्याला झाड हवं, ते आपण मागच्या कलमात छाटलं. विषामृतात नावातच विष आहे, एखाद्या पालकानं गुगल केलं तर पंचाईत. जोडसाखळीत मुलं एकमेकांचे हात धरतात, आणि कुणाच्या हाताला काय लागलेलं असेल सांगता येत नाही.

राहता राहिलं उभं राहणं. तेही कुंड्यांपासून लांब.

५. मुलाला गुंडाळा.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायघोळ विजार, टोपी, टोपीवर दुपट्टा, डोळ्यांना गॉगल. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुलींकडे बघून ही कला कुणालाही शिकता येते. उघड्या राहिलेल्या नाकावर सनस्क्रीन लावा. दुकानदार ३० ऐवजी ५० एसपीएफ घ्या म्हणेल. भाजणारे किरण ३०चं सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५०चं सुमारे ९८. त्या एका टक्क्याचे पैसे आनंदानं द्या. दर दोन तासांनी ते पुन्हा लावायचं असतं, ही ओळ बाटलीच्या मागच्या बाजूला आहे, आणि बाटलीची मागची बाजू आजवर कुणी वाचलेली नाही. सैल सुती सदरा आणि रुंद काठाची टोपी यानंही बरंच भागतं, पण त्याचा ब्रँड दिसत नाही.

मूल असं नखशिखान्त झाकलं की रात्री त्याला ड जीवनसत्त्वाचं पाकीट दुधातून द्या. ऊन अंगाला लागलं नाही की ते कमी पडतं. पाकीट महाग असतं, पण आरोग्याच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये.

डोळ्यांचंही तसंच. तैवान सरकारनं २०१० साली शाळांमध्ये रोज १२० मिनिटं मुलांना उजेडात बाहेर काढायचा कार्यक्रम सुरू केला, कारण उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबचं दिसेनासं होण्याचं प्रमाण कमी आढळतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात, झाडाखालीही हे जमतं. पण त्या वेळेला आपला अबॅकस असतो. तैवानची लोकसंख्या लहान, त्यांना परवडतं. आपल्याकडे कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे आणि मुलांच्या फ्रेमवर उन्हाळ्यात सवलत असते.

६. पाणी पाजा, पण साधं नको.

खेळाच्या नादात मुलाला तहान कळत नाही. वीस मिनिटांनी हाक मारून घोट-दोन घोट पाजावेत, हा घरगुती उपाय. यात हाक मारणारं माणूस लागतं, म्हणून तो आता मागे पडला आहे. त्याऐवजी दोन लिटरची रंगीत बाटली आणा, जिच्यावर तासांच्या खुणा आणि उत्साहवर्धक वाक्यं छापलेली असतात. ती उचलून मूल दमतं. माठ वर्ज्य आहे. माठात भांडं बुडवलं की जंतू, आणि माठाला वॉरंटी नसते.

दुकानातल्या फळांच्या स्वादाच्या, भरपूर साखरेच्या डब्यांवर अगदी परवापर्यंत ओआरएस ही अक्षरं झोकात मिरवत होती. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ती काढायला लावली. वाईट झालं. औषध म्हणून सरबत पाजण्याचं समाधान गेलं.

खरं ओआरएस फारच साधं निघालं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून वाटलं. मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. जुलाब-उलट्या झाल्या आणि पाकीट जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढ्यावर वेळ निभावते. एरवी खेळून आलेल्या मुलाला पाणी, ताक, पन्हं, कोकम यापलीकडे काही लागत नाही. पन्ह्यात मीठही असतं आणि गूळही असतो. नसतं ते फक्त धावणाऱ्या खेळाडूचं चित्र.

लघवी गडद पिवळी झाली, उन्हाळी लागली, आग होते असं मूल म्हणालं, तर ते पाणी कमी प्यायलंय. पण हे त्याला तुम्हाला येऊन सांगावं लागेल, आणि तुम्ही तेव्हा मीटिंगमध्ये असाल.

७. प्रथमोपचारासाठी माणसं जमवा.

घोळणा फुटला, नाकातून रक्त आलं की इमारत जमते. एकानं मुलाचं डोकं मागे करायचं, दुसऱ्यानं टाळूवर गार पाणी ओतायचं, तिसऱ्यानं कांदा फोडून हुंगायला द्यायचा, चौथ्यानं फोटो ग्रुपवर टाकायचा. सगळ्यांना काम मिळतं. डॉक्टरी पद्धत याच्या उलट आणि अत्यंत नीरस आहे: मुलाला बसवायचं, मान किंचित पुढं झुकवायची, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं गप्प बसायचं. दहा मिनिटं गप्प बसणारा माणूस आमच्या इमारतीत तरी नाही.

घामोळ्यावर पावडरचा थर द्या, वर घट्ट टी-शर्ट चढवा. गार पाण्यानं आंघोळ आणि सैल मलमल हे बाळांसाठी असतं.

विदर्भात खिशात कांदा ठेवून उन्हात निघायची रीत आहे. कांद्यानं ऊन कमी लागतं की नाही यावर वाद घालू नका. कांदा खिशात ठेवणारी आजी डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय आणि पाणी प्यायल्याशिवाय पोराला उंबरा ओलांडू देत नाही. कांदा त्या मानानं बराच गौण आहे. आपण मात्र कांदा घ्यावा आणि आजी गावी ठेवावी.

मूल असंबद्ध बोलू लागलं, भेलकांडलं, अंग चटका बसेल इतकं तापलं, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर हा उष्माघात आहे आणि इथं ही मार्गदर्शिका मिटून ठेवायची. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग पाण्यानं भिजवा, वारा घाला, १०८ला फोन लावा, बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका. हे सगळं ग्रुपवर 'कुणी डॉक्टर आहे का' असं विचारण्याच्या आधी करायचं आहे.

८. आजोळी पाठवू नका.

आजोळ म्हणजे धोक्यांचं कोठार. विहीर असते, विंचू असतो, मामा असतो. विंचवाची भीती कोकणात खरीच होती. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं तोवर लाल विंचवानं कित्येक पोरं नेली. या कामावरचे त्यांचे निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पूर्वीचा उन्हाळा म्हणजे नुसते आंबे आणि मामाचं गाव असं लिहिणारे या पोरांचा उल्लेख करत नाहीत. विहिरीत बुडालेल्यांचाही करत नाहीत.

तरीही त्या विहिरीवर मामा भाच्याच्या पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून त्याला पाण्यात ढकलायचा, आणि सुट्टी संपेपर्यंत पोरगं भोपळ्याशिवाय पोहायचं. आपण ही जोखीम घेत नाही. पोहता न येणारं मूल पाण्यापासून अगदी सुरक्षित असतं, जोवर पाणी भेटत नाही. ते भेटतं कॉलेजात गेल्यावर, पावसाळ्यात, मित्रांबरोबर, धरणाच्या भिंतीखाली. तोवर आपली जबाबदारी संपलेली असते.

गावाची अगदीच हौस असेल तर 'ग्रामीण अनुभव शिबिर' लावा. तिथं मुलाला बैलगाडीत बसवतात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली विटीदांडू खेळवतात आणि चुलीवरच्या भाकरीबरोबर फोटो काढतात. फी मामाच्या महिन्याच्या खर्चाएवढी असते. मामाला बोलावणं नसतं.

९. मूल 'कंटाळा आला' म्हणालं तर फोन द्या.

१०. खेळाचा दिवस साजरा करा.

खेळणं हा मुलाचा हक्क आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या ३१व्या कलमात लिहिलेलं आहे आणि आपल्या देशानं तो करार १९९२ साली स्वीकारला. २०२४पासून ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिनही झाला. तारीख सुट्टीच्या शेवटी येते, सोयीची आहे. त्या दिवशी क्लबहाउसात, एसी लावून, चित्रकला स्पर्धा ठेवा. विषय: 'मी आणि मैदान'. संदर्भासाठी मैदानाचे फोटो आयोजक पुरवतील.

११. बिघाड झाल्यास.

इतकं सगळं पाळूनही एखाद्या सोसायटीत एखादं मूल हाताबाहेर जातं. ते पहाटे सहाला खाली उतरतं, वॉचमनच्या मुलांबरोबर मागच्या रिकाम्या प्लॉटवर नऊपर्यंत चेंडू बडवतं, दुपारभर घरात लोळून जुने अंक वाचतं, पाचला पुन्हा पसार होतं आणि दिवे लागल्यावर गुडघा फोडून, चार तांबे पाणी पिऊन, वाढलेलं सगळं जेवून साडेनऊला झोपतं. त्याला एकही क्लास नसतो. त्याच्याकडे बघून इतर मुलं बिघडतात.

अशा मुलाला बोलून उपयोग नाही, त्याच्या आईवडिलांना गाठा. नोटीस देऊ नका, नोटिशीनं ते चेकाळतात. वार्षिक सभेत टाळ्यांच्या गजरात दोघांना क्रीडा समितीवर निवडून द्या. रबरी मॅटची कोटेशनं, घसरगुंडीच्या गंजाची पाहणी, फलकावरच्या नियमांचा मसुदा आणि दुपारच्या आवाजाबद्दल येणाऱ्या सगळ्या तक्रारी त्यांच्याकडे सोपवा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते स्वतः येऊन विचारतील, तुमच्या अबॅकसच्या ताईंकडे एखादी जागा रिकामी आहे का.